आरू अंकलची हिरवी पट्टी

सोमवार, ७ जुलै

नऊ वर्षांनी नोकरीवर गेले आणि पहिल्याच दिवशी तोंडात बोट घालायची वेळ आली.

टॅम्पिनीसहून पायोनियर म्हणजे सिंगापूर बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, सव्वा तास, पुढे कंपनीची बस. पोचेपर्यंत कुर्त्याची इस्त्री पार गेली होती. कंपनी कंटेनर वाहणारी. अठ्ठेचाळीस प्राइम मूव्हर आहेत, म्हणजे ट्रेलर ओढणारं पुढचं नुसतं डोकं. त्यात ड्रायव्हर, मागे चाळीस फुटी कंटेनर. प्रत्येक डोक्यात गेल्या महिन्यात एक डबा बसवलाय, आपल्या जेवणाच्या डब्याएवढाच. गाडी कधी निघाली, किती तास पळाली, कुठे उभी राहिली, सगळं तो आपणहून लिहितो. ड्रायव्हरला त्यात खाडाखोड करता येत नाही.

मालक मिस्टर क्वेक यांनी मला एका मोठ्या पडद्यासमोर बसवलं. सिंगापूरचा नकाशा आणि त्यावर सरकणारे अठ्ठेचाळीस ठिपके. ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या माणसाचा अख्खा दिवस एका पट्टीत उलगडतो. गाडी पळत असेल तर लाल, पाच मिनिटांहून जास्त उभी असेल तर हिरवा. हिरवा म्हणजे विश्रांती. अगं बाई! कोण कुठे आहे नि कोण किती दमलंय हे एका वेळी फक्त देवालाच दिसतं, असं मी आजवर समजत होते. आता मलाही दिसतं, नऊ ते सहा.

काम असं आहे: एका बड्या परदेशी गिऱ्हाइकाची अट आहे की सप्टेंबरच्या मध्यापर्यंत साठ दिवसांच्या नोंदी दाखवा. दोन पाळ्यांमध्ये एकाही ड्रायव्हरची विश्रांती दहा तासांहून कमी दिसली तर काम दुसऱ्या कंपनीला. अर्धी कंपनी त्या एका कामावर उभी आहे. अहवालाखाली सही माझी.

घरी येऊन इराला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तेरा वर्षांची कार्टी अगदी इथल्या ढंगात म्हणते, "सो यू स्पाय ऑन द अंकल्स लाह, मम्मा." नोकरीचा पहिला पगार यायच्या आधीच पोरीने मला हेर करून टाकलं.

नवऱ्याला, निशिकांतला, मेसेज टाकला. त्याचं जहाज दोन दिवसांपूर्वी सुएझ सोडून निघालंय, उत्तर केव्हा येईल देव जाणे. तो चीफ इंजिनिअर. जहाजावर सगळ्याची नोंद असते, तूही रोजची नोंद ठेव, असं त्यानेच सांगितलंय. म्हणून ही वही.

बुधवार, ९ जुलै

आज आरू अंकलना पाहिलं. खरं नाव अरुमुगम, वय सत्तावन्न, मलेशियन तमिळ, राहायला पुलापलीकडे, मलेशियातल्या जोहोरला. कपाळाला भस्माची रेघ, अंगावर पिवळं जॅकेट. एकोणीस वर्षं या कंपनीत आहेत आणि सकाळची पहिली खेप त्यांची. यार्डातून पहिली गाडी आरू अंकलची निघणार हा इथला अलिखित कायदाच आहे.

दोन कंटेनरच्या मधे एक फट होती. मला विचाराल तर तिथे आमची खरेदीची ट्रॉलीसुद्धा नीट लागली नसती. अंकलनी एकदा आरशात बघितलं आणि चाळीस फुटांचं धूड उलटं त्या फटीत नेऊन ठेवलं. एका दमात! दोन्ही बाजूंना तळहाताएवढी जागा उरली. स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की ट्रेलर डावीकडे जातो म्हणे, म्हणजे डोकं सतत उलटं चालवायचं. मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. त्यांना रोजचंच आहे ते.

शुक्रवार, १८ जुलै

पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे काढले. चार-पाच जण काठावर आहेत, एकाची विश्रांती नऊ तास चाळीस मिनिटं भरली; साठ दिवसांची मोजणी अजून सुरू व्हायची होती म्हणून वाचलो. मिस्टर क्वेक त्याच्यावर भडकले.

आणि आरू अंकल? रोज साडेबारा तास हिरवे! संध्याकाळी सहाला गाडी बंद, सकाळी साडेसहाला सुरू. एक दिवसही चुकलेला नाही. शिवाय दिवसा डेपोच्या रांगेत उभे असतात तेव्हाही मधेमधे हिरवे तुकडे. पट्टी पाहून डोळे निवले. सत्तावन्नाव्या वर्षी ही शिस्त! आमच्याकडे निशिकांत घरी असला की दुपारी चारला उठतो.

मी त्यांचा फोटो काढून नोटीस बोर्डावर लावला आणि खाली लिहिलं, 'महिन्याचे आदर्श ड्रायव्हर'. अंकल लाजले. "मॅडम, माझा फोटो फक्त पासपोर्टवर असतो," म्हणाले.

मिस्टर क्वेकनी पट्टी पाहिली आणि लगेच गणित मांडलं. ज्याला साडेबारा तास विश्रांती मिळते त्याला साडेअकरा सहज पुरेल. सोमवारपासून अंकलची पाळी साडेसहाऐवजी साडेपाचला सुरू, एक खेप जास्त. मला विचारलं, "ओके?" मी म्हटलं, "ओके." माझ्या आकड्यांवर कोणीतरी काहीतरी ठरवलं! घरी जाताना बेडोकला उतरून हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून इरासाठी सातेची, म्हणजे काडीवर भाजलेल्या चिकनची, पार्सलं घेतली. साजरं करायला नको?

बुधवार, ३० जुलै

विशेष काही नाही. अंकल उभ्याउभ्या जेवतात, हे आज लक्षात आलं. केळीच्या पानातला भात, त्याबरोबर हिरव्या मिरच्या, कच्च्या, एकामागून एक. डोळ्यांत पाणी येतं तरी खातात. विचारलं, "बसत का नाही?" तर हसून म्हणाले, "बसलं की पोट सुटतं." डोळ्यांखाली तो हिरव्या बाटलीतला बाम चोळतात. दिवसातून तीनदा काळी कॉफी, बिनसाखरेची. कसला संयमी माणूस आहे! एखादं व्रत घेतल्यासारखं जगतात. मी कॅन्टीनमध्ये खुर्चीत बसून दुसरा बन खाल्ला आणि मनात स्वतःला चार शिव्या घातल्या.

मंगळवार, ५ ऑगस्ट

आज जन्मात विसरणार नाही.

नवीन ड्रायव्हरांना शिकवायला काही लिहून काढायचं म्हणून आरू अंकलच्या शेजारी बसून एक पूर्ण खेप केली. चढायला तीन पायऱ्या, त्याही माझ्या कमरेइतक्या. वर बसलं की टॅक्स्या खेळण्यातल्या वाटतात. तुआस बंदरात गेलो. बापरे! इतकं मोठं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. कंटेनरांच्या भिंती, त्यावर क्रेनची ती अजस्र हाडं, आणि खालून माणूस नसलेल्या गाड्या आपल्याआपण धावतायत. मी "अय्या, अय्या" करत होते. आपण रोज खातो तो तांदूळ, घालतो ते कपडे, इराची सायकल, सगळं कधीतरी या लोकांच्या पाठीमागून आलंय. असा विचार मी आजवर कधी केला नव्हता, याची लाज वाटली.

येताना अंकल म्हणाले, "मॅडम, बोला."

"काय बोलू?"

"काहीही. तुमच्या भाषेत बोला. थांबू नका."

मला इतका आनंद झाला! या देशात अकरा वर्षं झाली, आजवर एकानेही मला मराठीत बोला म्हटलेलं नाही. मी सुरू झाले. सासूबाईंच्या पुरणपोळीची कृती सांगितली, मग तेरापासून एकोणीसपर्यंत पाढे म्हणून दाखवले, मग आमच्या पुण्याच्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीचं भांडण. मी जरा श्वास घ्यायला थांबले की अंकल लगेच "मग? मग?" म्हणायचे. खिडकी सताड उघडी, वारा तोंडावर येतोय, ते मान हलवतायत. एक शब्द कळत नसताना एवढं मन लावून ऐकणारा माणूस मी पाहिला नाही. निशिकांतला मराठी येत असून तो ऐकत नाही.

उतरताना म्हणाले, "थँक यू मॅडम. आज तुम्ही फार मदत केलीत."

मी कसली मदत केली? खरं म्हणजे त्यांनीच मला जग दाखवलं.

गुरुवार, १४ ऑगस्ट

सकाळी सव्वादहाला ऑफिसचा फोन वाजला. ट्रेलरच्या मागे तक्रारीचा नंबर लिहिलेला असतो, त्यावर कोणी बाई. जालान बुरोच्या सिग्नलला तुमची गाडी उभी आहे, सिग्नल तीनदा हिरवा होऊन गेला, मागे रांग लागली आहे, हॉर्न मारून लोक दमले, ड्रायव्हर हलत नाही.

गाडीचा नंबर आरू अंकलचा. हार्ट अटॅक, दुसरं काय! मी फोन लावला. वाजत राहिला. तिसऱ्यांदा उचलला. "सॉरी मॅडम. सॉरी. निघालो."

झोपले होते. सिग्नलला थांबले, हँडब्रेक ओढला आणि झोपले. ओढलेला होता, हे मी नंतर नोंदीत दोनदा तपासलं. डोळा लागता लागता हाताने ब्रेक ओढून ठेवला. केवढी ती सवय!

मिस्टर क्वेकनी त्यांना बोलावून घेतलं. अंकल खाली मान घालून उभे होते. "रात्री नीट झोपलो नाही, बॉस. जेवण बाधलं." एकोणीस वर्षांत पहिलीच चूक, म्हणून ताकीद देऊन सोडलं. दुसरी झाली तर गाडीची किल्ली काढून घेईन म्हणाले.

मी पट्टी उघडली. तिथे काय दिसावं? अकरा मिनिटं हिरवी. डब्याने ती झोप 'विश्रांती' म्हणून लिहून ठेवली आहे. त्या दिवसाची अंकलची नोंद अठ्ठेचाळीस जणांत सगळ्यात चांगली आहे.

मला काही कळेनासं झालंय. साडेअकरा तास विश्रांती घेतलेला माणूस सिग्नलला झोपतो कसा? दारू? छे, भस्म लावणारा माणूस. आजार? का घरी काही भांडणतंटा? विचारू कसं?

रविवार, १७ ऑगस्ट

निशिकांतचा व्हिडिओ कॉल. जहाज आता परतीच्या फेरीत, श्रीलंकेच्या खाली, चेहरा चौकोन चौकोन दिसत होता. मी सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, "आणि नोंद बघशील तर इतकी सुंदर!"

तो हसला नाही. म्हणाला, "क्षिप्रा, आमच्याकडे पण विश्रांतीचे तास भरायचे असतात, प्रत्येकाने, रोज. मी नव्या जहाजावर चढलो की आधी सगळ्यांचे कागद बघतो. आणि ज्याचा कागद सगळ्यात सुंदर असतो ना, त्याला इंजिनरूममध्ये शोधायला जातो. बहुतेक वेळा तोच सगळ्यात दमलेला असतो."

"पण आमचा डबा खोटं लिहूच शकत नाही. माणसाचा हातच लागत नाही."

"डबा कुठे बसवलाय?"

"गाडीत."

"मग तो गाडीची विश्रांती मोजतोय," निशिकांत म्हणाला. "माणसाची कोण मोजतंय?"

आणि रेंज गेली. मी तशीच फोन हातात धरून बसले. इरा आली, म्हणाली, "मम्मा, यू ओके?" मी म्हटलं, मी रोज एमआरटीत नि बसमध्ये जाऊन-येऊन तीन तास घालवते आणि घरी आले की सोफ्यावर आडवी होते. आरू अंकल राहतात कुठे? दुसऱ्या देशात! आणि मी बाईसाहेब त्यांच्या फोटोखाली 'आदर्श' लिहून त्यांना एक तास आधी बोलावलं. कपाळाला हात लावला नुसता. मिरच्या, बाम, उघडी खिडकी, माझे पाढे... हे सगळं जागं राहण्यासाठी होतं आणि मला त्यात व्रत दिसलं.

सोमवार, १८ ऑगस्ट

अंकलना कॅन्टीनमध्ये गाठून सरळ विचारलं, "घरून किती वाजता निघता?"

त्यांनी कॉफी संपवली. मग म्हणाले, "सांगून कळणार नाही. शुक्रवारी या माझ्याबरोबर. सरोजा जेवायला करेल. तिला कोणी घरी आलेलं आवडतं."

सरोजा म्हणजे त्यांची बायको. मी हो म्हटलं. हो म्हणून झाल्यावर कळलं की अंकल मोटारसायकलने जातात.

शनिवार, २३ ऑगस्ट

काय आणि कुठून लिहू!

काल शाळेतून इराला शेजारच्या अनुयाकडे पाठवलं. सहाला अंकलची गाडी बंद झाली, म्हणजे डब्यात त्यांची विश्रांती सुरू झाली. सहा वीसला मी, वय वर्षं एक्केचाळीस, डोक्यात सरोजाबाईंचं हेल्मेट घालून त्यांच्या मागे बसले. देवाचं नाव घेतलं.

वूडलँड्सचा सीमेवरचा नाका जवळ आला तशा बाजूबाजूने मोटारसायकली येऊन मिळू लागल्या. शंभर, मग पाचशे, मग मोजायचं सोडलं. हजारो! जिकडे पाहावं तिकडे हेल्मेटं आणि लाल दिवे. कोणी फॅक्टरीच्या कपड्यात, कोणी नर्स, कोणी वेल्डर, पाठीला सॅक, सॅकमध्ये डबा. हॉर्न एकाचाही नाही. सगळे एक पाय जमिनीवर टेकवून इंच इंच पुढे सरकतायत. धूर इतका की माझे डोळे चुरचुरू लागले. शेजारच्या गाडीवरच्या बाईने मला स्वतःचा जादा मास्क दिला, काही न बोलता. पुलावर आलो तर दोन्हीकडे काळंभोर पाणी आणि मधून हा माणसांचा पट्टा वाहतोय. रोज. मी ज्या शहरात राहते ते शहर रोज सकाळी असं पलीकडून उठून येतं आणि संध्याकाळी परत जातं, आणि मला पत्ता नाही! रडू येत होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं. हात जोडावेसे वाटत होते, पण हातांनी अंकलचं जॅकेट घट्ट धरलं होतं.

एकदा अंकलचं हेल्मेट पुढे झुकलं. मी पाठीवर थाप मारली. "मी जागा आहे," म्हणाले. मग मीच सोळाचा पाढा सुरू केला. या वेळी कशासाठी म्हणतेय ते मला ठाऊक होतं.

घरी पोचलो तेव्हा नऊ चाळीस. तीन तास वीस मिनिटं. सरोजाबाईंनी सांबार-भात आणि तळलेले मासे वाढले. अंकल पहिल्यांदा बसून जेवले आणि जेवताजेवता तिथेच पेंगले. त्यांचं ताट बाजूला करत सरोजाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पहाटे तीनला तीन गजर लावतात. आधी चारला उठायचे. गेल्या महिन्यापासून एक तास आधी. कंपनीने मान दिला म्हणाले, फोटो लावला म्हणाले."

मी उठून पंख्याचं तोंड अंकलकडे वळवलं.

मी ठरवलं होतं की पहाटे उठून त्यांच्याबरोबर निघायचं, सगळं घड्याळात टिपायचं. त्यांच्या लग्न झालेल्या मुलीची खोली मला दिली होती. आणि मी झोपून राहिले! तिन्ही गजर झाले, मोटारसायकल सुरू झाली, मला कशाचीही जाग नाही. सात वाजता उठले तर सरोजाबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. अंकल साडेतीनलाच गेले होते. एका संध्याकाळच्या प्रवासाने माझी ही गत, आणि हा माणूस एकोणीस वर्षं हे करतोय.

दिवसा बसने परत आले. डब्यात बघितलं: शुक्रवार ते शनिवार, विश्रांती साडेअकरा तास. माझ्या हिशेबाने झोप: फार तर सव्वाचार तास.

सोमवार, २५ ऑगस्ट

अंकल माझ्या टेबलापाशी आले. आजवर कधी आत आले नव्हते.

"मॅडम, पाहिलंत. आता लिहू नका."

"अंकल, सिग्नलच्या जागी हायवे असता तर?"

"असता तर मीही गेलो असतो आणि दुसरं कोणीतरीही. मला माहीत आहे. तुम्हाला वाटतं मला माहीत नाही?" त्यांनी खिडकीबाहेरच्या फाटकाकडे बोट केलं. "पण पहिली खेप माझी आहे. एकोणीस वर्षं यार्डाचं फाटक माझ्या गाडीसाठी उघडतं. तुम्ही लिहिलंत की मी म्हातारा झालो. आणि मी एकटाच नाही. जोहोरहून येणारे आम्ही बावीस जण आहोत."

बावीस! मी पडद्याकडे बघितलं. बावीस हिरव्या पट्ट्या.

मी काही वचन दिलं नाही. खरं लिहायचं तर, दिलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं. दहा तासांची अट पाळली गेली आहे, डबा तसं म्हणतोय, सही करायची आणि मोकळं व्हायचं. नऊ वर्षांनी मिळालेली नोकरी आहे. कोणाला कळणार आहे?

मंगळवार, २ सप्टेंबर

तीन दिवस तो अहवाल केला. बावीस जणांना प्रत्येकाला विचारलं. पट्ट्यांमध्ये एक नवा, जांभळा रंग टाकला: गाडी बंद झाल्यापासून घराच्या दारापर्यंत, आणि दारापासून गाडीपर्यंत. हिरव्यातून जांभळा वजा केला तर बावीसपैकी एकाचीही विश्रांती आठ तासांवर जात नाही.

मिस्टर क्वेकनी कागद चाळले आणि टेबलावर ठेवले. "त्यांनी ड्रायव्हिंगचे तास मागितलेत. मोटारसायकलचे नाही."

"विश्रांतीचे पण मागितलेत."

"क्षिप्रा, बावीस ड्रायव्हर मी कुठून आणू? हे पाठवलं तर काम जाईल. मग अठ्ठेचाळीसही घरी, आणि तू पण." रागाने नाही, थकलेल्या आवाजात बोलले. ते जास्त लागलं. "जांभळा काढून सही कर."

मी म्हटलं, "सर, हिरवी पट्टी पाहून मी ओके म्हटलं होतं. पुन्हा म्हणणार नाही. दुसऱ्या कोणाची सही घ्या." टेबलावरचे कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवले.

ते गरम पाण्याचा पेला घेऊन खिडकीशी गेले. खाली कोणीतरी ट्रेलर मागे घेत होतं. तिकडे बघतच म्हणाले, "जोहोरवाल्यांची पाळी साडेनऊला सुरू करून संध्याकाळची खेप कमी केली तर किती होतात?"

मी तिथल्या तिथे मोजलं. दारात पोचल्यापासून दारातून निघेपर्यंत दहा तास बारा मिनिटं.

"उद्यापासून पहाटेच्या खेपा इथल्या लोकांना. आणि हे पण अहवालात लिही," म्हणाले. "गेलं तर गेलं."

बुधवार, ३ सप्टेंबर

नोटीस लागली. आरू अंकल माझ्या समोरून गेले. बघितलं नाही. बोर्डावरचा स्वतःचा फोटो काढून घडी करून खिशात घातला.

मंगळवार, २३ सप्टेंबर

गिऱ्हाइकाचं उत्तर आलं. मिस्टर क्वेकनी मला आत बोलावून स्वतः वाचून दाखवलं. काम चालू राहील, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. आणि खाली एक ओळ: 'इतर वाहतूक कंपन्यांच्या अहवालांत जांभळा रंग का नाही, हे आम्ही त्यांना विचारत आहोत.'

मी दोनदा वाचायला लावलं. माझ्या एका रंगाने हे व्हावं? अजून खरं वाटत नाही.

अंकल मात्र अजून बोलत नाहीत. वीस दिवस झाले. कॉफी घेतात, साडेनऊला गाडीत चढतात, दुपारी यार्डात माझ्या खिडकीकडे पाठ करून उभे राहतात. पहाटेची पहिली गाडी आता सारंग नेतो, आमच्या शेजारच्याच बेडोकचा, तिशीतला. काल म्हणाला, फाटकातून जाताना मला चोरी केल्यासारखं वाटतं. मला त्याहून वाईट वाटतं. मी त्या माणसाचा मान काढून घेतला. जीव वाचवला म्हणावं तर तो काही दिसत नाही, मान गेलेला मात्र रोज दिसतो.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

सकाळी सव्वानऊला आरू अंकल काउंटरवर आले. मी गडबडून उभी राहिले.

"मॅडम, मी अजून रागावलेलो आहे," म्हणाले. "पहिली खेप माझी होती."

"हो, अंकल."

"परवा रात्री गजर लावायला विसरलो. सरोजाही विसरली." चेहरा कसातरीच झाला होता. "काल सात वाजून गेले तरी मी उठलो नाही. सरोजाने इतक्या वर्षांत मला उजेडात झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. रविवारीही तीनला डोळे उघडतात माझे. तिला वाटलं मी गेलो. नाकापाशी बोट धरून बसली होती, श्वास आहे का बघायला. त्याने जाग आली."

मला हसू यायला लागलं. अंकलही हसले, तोंडावर हात ठेवून.

"डोळे उघडले तर तिचा चेहरा इथे," त्यांनी तळहात नाकासमोर धरला, "आणि खिडकीतून ऊन येत होतं. मॅडम, सरोजाचे केस पार पांढरे झालेत. मला माहीतच नव्हतं. मी तिला विचारलं, कधी झाले? तर म्हणाली, दहा वर्षं झाली असतील."

मी काउंटरवरच रडायला लागले, अगदी हमसून. अंकल गोंधळले. इकडेतिकडे बघून त्यांनी काउंटर पुसायचा फडका माझ्यापुढे सरकवला आणि "लेट होतोय" म्हणून गाडीकडे गेले.